दोघांच्या नावाचं खातं

मंगळवार, ४ मार्च

बाबा,

दोन कागद झेरॉक्सच्या दुकानाच्या मेलवर पाठवते आहे. झेरॉक्सवाल्यांना दोन्ही वेगवेगळे छापायला सांगा. पहिला आईला वाचून दाखवायचा, दुसरा फक्त तुमचा. तुमचा दुकानातच वाचून फाडून टाका. घरी नेलात तर तो खिशात राहील आणि आई धुवायला शर्ट घेताना खिसे चाचपते, डोळ्यावर पट्टी असली तरी.

कागद पहिला.

आई, मी काल दुपारी नीट पोचले. दादाची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा लोखंडी जिना दिसतो. त्याचे शर्ट कपाटात तुझ्यासारख्याच घड्या घालून ठेवलेत, बाह्या आत. खोलीतला त्याचा जोडीदार वेल्डर आहे. भला माणूस. मला खोली देऊन तो शेजाऱ्यांकडे झोपायला गेला. आज दादाला बघितलं. शांत झोपलेला वाटला. तू थेंब वेळेवर घाल. डोळा चोळू नकोस.

कागद दुसरा.

बाबा, वरच्या कागदात एकही वाक्य खोटं नाही, मी दोनदा तपासलं. 'झोपलेला वाटला' इथे अडले होते, पण खरंच तसा वाटला.

शवागार हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला आहे. मी पाऊण तास त्याच्याजवळ बसले. चुकलं, पस्तीस मिनिटं. दाढी वाढली आहे. हात धरला, फार गार होता. वेल्डर सांगतात की चार दिवस अंगात ताप घेऊन तो कामावर जात होता, लिफ्टच्या यंत्रखोलीत जिने चढून. बुधवारी हॉस्पिटलात नेला तेव्हा दोन्ही फुप्फुसं भरली होती. गुरुवारी, २७ तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेला. मी नर्सला विचारलं, जवळ कोण होतं? ती म्हणाली, "कुणी नव्हतं. मी पलीकडच्या वॉर्डात होते. आले तेव्हा झालेलं होतं." तिने खरं सांगितलं म्हणून मी तिचे आभार मानले.

त्याला विमानाने घरी आणायचं तर पेटी, रसायनं, कागदपत्रं आणि भाडं धरून माझ्या चौदा महिन्यांच्या पगाराएवढा खर्च आहे. आमच्या दोघांच्या खात्यात त्याहून थोडे जास्त आहेत. पण माझं कार्ड चालत नाही. स्टेशनावरच्या यंत्राने 'व्यवहार नाकारला' असं सांगितलं. मग एका बँकेच्या भिंतीतल्या यंत्रात घातलं. तेच. तिसऱ्या यंत्रात अगदी थोडी रक्कम मागून पाहिली, तरी तेच. चौथ्याकडे जायचा धीर झाला नाही, त्याने कार्ड गिळलं तर काय करायचं? बदलून आणलेले पैसे शनिवारपर्यंत पुरतील. शवागारात तेरा तारखेपर्यंत ठेवतात. त्यानंतर नगरपालिका त्यांच्या पद्धतीने उरकते.

काय करू, लगेच कळवा.

तुमची,
खोडरबर


बुधवार, ५ मार्च

चि. खोडरबर,

झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून लिहितो आहे. हा गृहस्थ बिचारा माझं अक्षर स्कॅन करून पाठवतो आणि पैसे घेत नाही. त्याला सगळं माहीत आहे. सांगावंच लागलं.

फोन करू नकोस हे पुन्हा सांगतो. पट्टी बांधल्यापासून तुझ्या आईचे कान भलतेच तिखट झालेत. शेजारणीने फोडणीत काय घातलं ते घरात बसून नुसत्या आवाजावरून ओळखते. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस डोळ्यात पाणी येता कामा नये, रडू तर नकोच. दुसरा डोळा आधीच मंद. हा एकच उरला. म्हणून मी गप्प आहे. 'आजारी आहे, म्हणून लेकीला पाठवलं' एवढंच तिला ठाऊक आहे.

तुझा कागद वाचून दाखवला. घड्यांचं ऐकून हसली. मग म्हणाली, "शांत झोपलेला? तो? तो तर झोपेत लाथा मारतो." मी म्हटलं, औषधाची गुंगी असेल. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून जेवढं खोटं बोललो नाही तेवढं या आठवड्यात बोललो आहे.

कार्डाचं घाबरू नकोस. परदेशात वापरायचं तर ते आधी सुरू करून घ्यावं लागतं म्हणे. घाईत आपल्या लक्षात आलं नाही. कार्डाच्या मागे बँकेचा नंबर आहे, त्यावर फोन लाव. त्यांचं काम आहे ते, करतील.

पट्टी शनिवारी पंधरा तारखेला निघणार. मला आता दुसरं काही नको. पट्टी निघाल्यावर तिला त्याचा चेहरा बघता आला पाहिजे. पोराला घरी आण.

बाबा


गुरुवार, ६ मार्च

बाबा,

आज एकच कागद. आईसाठी काही लिहिता आलं नाही. तिला सांगा, पत्र आलं नाही. ते तरी खरं असेल.

वेल्डरांच्या फोनवरून बँकेला फोन लावला. सत्तावीस मिनिटं थांबले. मग एक बाई बोलल्या. आवाजावरून माझ्याच वयाच्या असाव्यात. नाव, जन्मतारीख, कार्डावरचे आकडे, सगळं बरोबर सांगितलं. त्या म्हणाल्या, "कार्ड परदेशासाठी सुरू करते. पण खातं दोघांच्या संमतीने चालणारं आहे. पहिल्या खातेदाराच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, ते सांगा."

दादाचा फोन हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत होता. मी तो आदल्या दिवशीच चार्ज करून ठेवला होता. माझ्यासमोर तो उजळला आणि आकडे आले. फोन लॉक असूनही दिसत होते.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "खातेदार तुमच्याजवळ आहेत ना? त्यांची संमती आहे ना?"

मी म्हटलं, "ते गेले. गुरुवारी."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही हे मला सांगितलंत. आता मला नोंदवावंच लागेल." मी म्हटलं, हो, नोंदवा. त्या म्हणाल्या, "माझं नुसतं विचारायचं काम असतं हो." मला वाटतं, त्या रडत होत्या. वाटतं फक्त, दिसलं नाही.

खातं बंद झालं आहे. मृत्यूचा दाखला, तो इथल्या वकिलातीने शिक्का मारलेला, तुमचे आणि आईचे वारस म्हणून कागद, आणि मी स्वतः शाखेत हजर. एवढं झाल्यावर पाच-सहा आठवडे.

शवागार मात्र तेरा तारखेपर्यंतच. मी पुन्हा विचारून आले.

खोडरबर


शुक्रवार, ७ मार्च

पत्र वाचलं.

'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. संमती नव्हती का त्याची? जन्मात कधी तुला कशाला नाही म्हणाला तो? स्वतःच्या ताटातलं तुझ्या ताटात टाकणारा पोर, त्याची संमती तुला फोनवर कुणा परक्या बाईसमोर सिद्ध करायची होती?

ती बाई तुला वाट करून देत होती. तिलाही कळलं असणार. तुलाच कळलं नाही. छापखान्यात मुद्रितं तपासत दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय लागली तुला. जग म्हणजे काही मुद्रित नव्हे.

तुझा खरेपणा शाबूत राहिला आणि माझा मुलगा तिकडे राहिला.

आणखी लिहिण्यासारखं काही नाही.


सोमवार, १० मार्च

चि. खोडरबर,

तीन दिवस तुझं अक्षर नाही. रोज दोनदा दुकानात जातो. झेरॉक्सवाला मला पायरीवर पाहूनच मान हलवतो.

शुक्रवारचं पत्र फाडून टाक. मी ते पाठवायला नको होतं. पाठवून बाहेर पडलो आणि मागे फिरलो, पण या मशीनमधून गेलेलं परत येत नाही.

तुला एक सांगतो. आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हा दोघांना मी वेधशाळेच्या क्वार्टरमध्ये शिकवलं. जवळ शाळा नव्हती, मीच मास्तर. रोज सकाळी तापमापकासमोर उभं करून म्हणायचो, नोंद करायची ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. दादा जन्मला त्या दिवशी मी दवाखान्यात होतो. साडेआठची नोंद घ्यायला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. मी तेवीस अंश लिहिलं. अंदाजाने. वाऱ्याची दिशासुद्धा अंदाजाने. ते कागद पुढे वरच्या कचेरीत गेले, कुठल्या तरी सरासरीत मिसळले, कुणाला कळलं नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मुलगा झाला होता. आणि हाच माणूस तुला शिकवत बसला की अंदाज लिहायचा नाही. तू शिकलीस ती माझ्या तोंडून. मग तुझ्यावर कशाला ओरडलो?

आता कामाचं. ठेव मोडली. दंड कापून जे हातात आलं ते पैसे पाठवणाऱ्या कचेरीतून तुझ्या नावाने पाठवले आहेत. तुझ्या जेमतेम चार महिन्यांच्या पगाराइतके. एका वेळी यापेक्षा जास्त पाठवू देत नाहीत आणि माझ्याकडे नाहीतही. कारणाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर तो पोरगेला कारकून म्हणाला, "आजोबा, घरखर्च लिहा, नाहीतर चार प्रश्न विचारतील." लिहिलं घरखर्च. पावतीचा नंबर खाली दिला आहे. पासपोर्ट दाखवलास की लगेच मिळतील.

रागावली असशील तर राग लिहून पाठव. पण लिही.

बाबा


मंगळवार, ११ मार्च

बाबा,

रागावले नव्हते. तुमच्या पत्राला चार उत्तरं लिहिली. पहिल्यात मी स्वतःची बाजू मांडली, दुसऱ्यात माफी मागितली, तिसऱ्यात पुन्हा बाजू मांडली. चौथ्यात काय होतं ते आठवत नाही. एकही बरोबर वाटलं नाही. तुम्ही लिहिलंत ते बरोबर होतं, एवढंच राहिलं.

पैसे मिळाले. ती कचेरी म्हणजे मोबाइलच्या दुकानाच्या कोपऱ्यातलं काउंटर आहे. काउंटरवरच्या बाईने पासपोर्टावरचा फोटो आणि मी, असं तीनदा पाहिलं. गेल्या आठवड्यात माझा चेहरा बदलला असावा. मग मोजून सगळ्या लहान नोटा दिल्या.

शनिवारी वकिलातीत गेले होते, बंद होती. काल पुन्हा गेले. तिथले अधिकारी मायेने बोलले. अशा वेळेसाठी निधी आहे म्हणाले. अर्ज, चौकशी, मंजुरी, एक महिना. मी म्हटलं, आमच्याकडे तीन दिवस आहेत. ते म्हणाले, "बहुतेकांकडे तेवढेही नसतात." दादाच्या कंपनीतल्या लिफ्टवाल्यांनी पाकीट आणून दिलं. मी नको म्हणत होते तर त्यांच्यातला वयाने मोठा होता तो चिडला, "तुम्हाला नाही हो देत, त्याला देतोय." घेतलं. पोच लिहून दिली, तेव्हा ते सगळे हसले. दादाने त्यांना माझ्याबद्दल सांगून ठेवलं होतं वाटतं.

बाबा, सगळं मिळूनही अर्ध्याच्या पुढे जात नाही. दादाला आहे तसा घरी आणता येणार नाही. इथेच दहन करायचं आणि अस्थी घेऊन मी यायचं, एवढ्याला पुरेल, थोडे उरतील. मी सगळं पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं. चूक सापडावी म्हणून पाहत होते. सापडली नाही.

आणखी एक आहे. दहनाच्या परवानगीचा फॉर्म सोबत पाठवते. लग्न झालेलं नसेल तर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. 'आई हयात आहे का?' असा रकाना आहे. मी 'हो' लिहिलं.

तुम्ही आईची सही कराल. मला ठाऊक आहे, आणि करू नका असं मी म्हणत नाही. आता कुणाला काही सांगायचा मला हक्क आहे असं वाटत नाही. फक्त माझ्या मनात येतं ते लिहिते. तिचा मुलगा आहे. ती पट्टी बांधून आतल्या खोलीत त्याच्यासाठी मुद्दाम काही राखून ठेवत असेल, आणि आपण दोघं मिळून तिच्या नावाने त्याला जाळायची परवानगी देणार. डोळा जाईल ही भीती मलाही आहे. काय बरोबर ते मला कळत नाही.

गुरुवारी सकाळी अकरापर्यंत फॉर्म पोचला पाहिजे.

खोडरबर


बुधवार, १२ मार्च

चि. खोडरबर,

फॉर्म सोबत आहे. खालची सही तिची आहे, तिनेच केलेली.

काल दुपारी वर्तमानपत्राच्या कडेला तिची सही गिरवत बसलो होतो. दहा-बारा केल्या. एकही जमेना. आतून म्हणाली, "काय खरवडताय?" मी म्हटलं, शब्दकोडं. म्हणाली, "तुम्ही शब्दकोडं सोडवताना पेन आपटता. हे आपटत नाहीये."

मग मी आत जाऊन सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नकोस.

रडली नाही. दोन्ही हातांनी खाटेची कड धरून बसली. म्हणाली, "डोळ्यातून पाणी काढायचं नाही ना? नाही काढत." आणि खरंच नाही काढलं. मी तिथून उठून मोरीत गेलो आणि नळ सोडला. थोड्या वेळाने हाक मारली, "नळ बंद करा. पाणी वाया जातंय." मी बाहेर आलो तर विचारलं, "कधी?"

आता माझं ऐक. मी म्हटलं, गेल्या बुधवारी. का म्हटलं कळत नाही, तिला पहिल्या दिवसापासून फसवलं हे तोंडातून निघेना. तिने लगेच विचारलं, "म्हणजे लेक पोचली होती." मी म्हटलं, हो. म्हणाली, "जवळ होती?" मी म्हटलं, हात धरून बसली होती.

तिने श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं पाहिलं मी.

खातं का बंद झालं तेही सांगितलं. ते मात्र खरं सांगितलं, माझ्या शुक्रवारच्या पत्रासकट. त्यावर मला जे बोलली ते मी ऐकून घेतलं.

ती तुला स्वतः लिहिणार आहे. कुणाला हात लावू देत नाही. तू काय उत्तर द्यावंस ते मी सांगणार नाही. शुक्रवारनंतर तसं सांगायला मला तोंड उरलेलं नाही. तू लिहिशील ते तिला जसंच्या तसं वाचून दाखवीन, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

बाबा


बुधवार, १२ मार्च

बाळा,

अक्षर मोठं आहे, ओळी वर खाली जातील. पट्टीच्या खालून थोडं दिसतं. बाबांना बाहेर बसवलं आहे.

पैशाचं मनाला लावून घेऊ नकोस. तुला विचारलं, तू सांगितलंस. दुसरं काय करणार होतीस? चेहरा बघायचा होता, नाही बघता येणार. ठीक आहे. मी त्याचा बघितलेला आहे.

बाबा म्हणतात तू शेवटी त्याच्याजवळ होतीस. गेले दहा-बारा दिवस ते मला काय काय सांगत होते, मला आवाजावरून कळत होतं की यात काहीतरी खरं नाही. म्हणून त्यांच्यावर सोडत नाही, तुला विचारते. तू चार वर्षांची असताना बरणी फोडलीस तर मला उठवून सांगितलंस. तू लिहिशील ते मी धरून चालेन.

तो घाबरला होता का? काही बोलला का? पाणी मागितलं का? तापात त्याला फार तहान लागते. लहान असताना उशाशी तांब्या ठेवावा लागायचा.

एवढंच लिही.

आई


शुक्रवार, १४ मार्च

आई,

काल सकाळी अकरा वाजता दहन झालं. वेल्डर होते, लिफ्टवाले आठ जण होते. कामाचे कपडे घालून आले होते, तिथूनच कामावर जायचं होतं. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या माणसाने दादाच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. निळ्या चौकड्यांचा शर्ट घातला होता, तू पाठवलेला. मी रविवारी निघते, सोमवारी संध्याकाळी घरी. दादा माझ्या मांडीवर असेल, सामानात देणार नाही. तसा दाखला घेतला आहे.

तू विचारलंस त्याचं लिहिते.

दुपारची वेळ होती, चारच्या सुमारास. खिडकीतून ऊन येत होतं. ते त्याच्या तोंडावर यायला लागलं म्हणून मी पडदा ओढला. मी खुर्ची खाटेला लावून बसले होते, त्याचा उजवा हात माझ्या हातात होता. गरम होता. तापामुळे बोलणं थोडं तुटक होतं, पण मला ओळखत होता. मला म्हणाला, "तू कशाला आलीस एवढी लांब?" मग म्हणाला, "आईचा डोळा कसा आहे?" मी म्हटलं, बरा होतोय.

पाणी मागितलं. मी चमच्याने दिलं. तीन चमचे प्यायला. चौथ्याला मान हलवली, पुरे म्हणून. ओठ पुसले त्याचे.

मग हळूहळू डोळा लागला. श्वास लांब लांब झाला. नर्स दारात उभी होती, तिने मला खुणेने सांगितलं, बसून राहा. मी हात सोडला नाही.

घाबरला नव्हता, आई. मी तिथेच होते.